विशेषण भलत्यालाच चिकटते आहे? मराठी वाक्यातला हा बिघाड शोधण्याची आणि काढण्याची पद्धत

लक्षणे

वाचणारा वाक्याच्या मध्यावर थबकतो आणि पुन्हा सुरुवातीला जातो. नोटीस लावल्यावर तासाभरात 'म्हणजे नक्की कोणी यायचे?' असे विचारणारे फोन सुरू होतात. एकच सूचना वाचून दोन माणसे वेगवेगळ्या दिवशी हजर होतात. गंभीर बातमीत ट्रक रस्ता ओलांडताना दिसतो, पोलीस दुकान फोडताना दिसतात. सर्वांत वाईट म्हणजे 'दिवंगत आमदारांच्या पत्नी' असे छापून येते आणि नेमके कोण गेले हे कळायला शेवटचा परिच्छेद गाठावा लागतो.

या सगळ्यांत शुद्धलेखनाची चूक एकही नसते. शब्द बरोबर असतात, क्रियापदही बरोबर असते. चुकलेली असते ती एका शब्दाची जागा. म्हणून स्पेलचेकर हा बिघाड पकडत नाही आणि घाईत मुद्रितशोधन करणाऱ्याच्या नजरेतूनही तो सुटतो. लिहिणाऱ्याला तर तो सहसा दिसतच नाही, कारण अर्थ त्याच्या डोक्यात आधीपासून पक्का असतो.

पुढे 'विशेषण' हा शब्द सैल अर्थाने वापरला आहे. नामाचे विशेषण, क्रियाविशेषण, 'फक्त'सारखा शब्द, 'रस्ता ओलांडताना'सारखा तुकडा, म्हणजे दुसऱ्या शब्दाबद्दल काही सांगणारे जे जे असेल ते सगळे त्यात आले.

बिघाड का होतो

मराठीत विशेषण आधी येते आणि नाम नंतर. ऐकणारा विशेषण हातात धरून ठेवतो आणि पुढे जे पहिले योग्य नाम भेटेल त्याला ते लावून टाकतो. मालकी दाखवणारा चा-ची-चे प्रत्ययाचा शब्दही नामाच्या आधीच येतो. त्यामुळे तो विशेषण आणि त्याचे खरे नाम यांच्या मध्ये शिरतो. 'शुद्ध गायीचे तूप' या पाटीत शुद्धता तुपाची सांगायची होती, पण वाटेत गाय उभी राहिली. इंग्रजीत 'ऑफ' लावून मालक नामाच्या नंतर ठेवता येतो, म्हणून ही विशिष्ट धडक तिथे कमी होते. इंग्रजीतून भाषांतर करताना मात्र ती हमखास होते.

तपासण्या सोप्याकडून अवघडाकडे लावल्या आहेत. बहुतेक वाक्ये पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच सुधारतात. क्रम सोडून थेट वाक्य नव्याने लिहायला घेऊ नका. नव्या वाक्यात नवा बिघाड येतो आणि जुना नेमका कुठे होता तेही कळत नाही.

१. बोट ठेवून वाचा

वाक्य मोठ्याने वाचा. प्रत्येक विशेषणावर बोट ठेवून 'कोण?', 'कोणते?', 'केव्हा काय झाले?' असे विचारा. उत्तर लगेच पुढच्या नामात किंवा क्रियापदात मिळाले तर पुढे जा. उत्तरासाठी एखादे नाम ओलांडावे लागले तर तिथे खूण करा. याला अर्धा मिनिट लागतो आणि खर्च काही नाही. मनात वाचताना डोळा अर्थ गृहीत धरून पुढे सरकतो, मोठ्याने वाचताना थांबे कळतात, म्हणून ही पायरी वगळू नका. शक्य असेल तर मजकूर माहीत नसलेल्या माणसाला वाचायला द्या. तो जिथे अडखळेल ती जागा तुमच्या दहा वाचनांपेक्षा जास्त सांगते.

२. चा-ची-चे चा शब्द आधी घ्या

खूण केलेल्या जागी मालकीचा शब्द मध्ये असेल तर तो उचलून विशेषणाच्या आधी ठेवा.

'शुद्ध गायीचे तूप' चे 'गायीचे शुद्ध तूप' करा.
'माजी मुख्यमंत्र्यांचे सचिव' मध्ये सचिव माजी असतील तर 'मुख्यमंत्र्यांचे माजी सचिव'.
'पुण्यात राहणाऱ्या लेखकाच्या भावाने' मध्ये पुण्यात भाऊ राहत असेल तर 'लेखकाच्या पुण्यात राहणाऱ्या भावाने'.
'दोन औषधांच्या गोळ्या' मध्ये औषध एकच असेल तर 'औषधाच्या दोन गोळ्या'. संख्या हेही विशेषणच आहे आणि तिची चूक सर्वांत महाग पडते.

वाक्याची लांबी तेवढीच राहते, शब्दही तेच राहतात. म्हणून जागा मोजून दिलेल्या मथळ्यातही ही दुरुस्ती बसते. मालकीचा शब्द आणि नाम मिळून एकच वस्तू होत असेल तर मात्र अदलाबदल कानाला खटकते. 'पुरणाची गरम पोळी' कोणी म्हणत नाही. अशा वेळी जोडशब्द वापरावा, 'गरम पुरणपोळी'. 'सुंदर लग्नाची पत्रिका' ऐवजी 'सुंदर लग्नपत्रिका'.

३. प्रत्यय काय सांगतो ते पाहा

मराठीने दिलेले हे सर्वांत उपयोगी हत्यार आहे आणि ते फार थोडे लोक वापरतात. आकारान्त विशेषणे (चांगला, जुना, ताजा, मोठा) नामाप्रमाणे बदलतात, आणि पुढच्या नामाला विभक्ती लागली की त्यांचे 'चांगल्या, जुन्या, ताज्या' होते. त्यामुळे विशेषण कोणाचे हे त्याच्या शेवटच्या अक्षरावरूनच कळते.

'ताजे म्हशीचे दूध' यात चूक नाही. म्हैस ताजी असती तर 'ताज्या म्हशीचे' म्हणावे लागले असते. 'ताजे' म्हटल्याबरोबर ते दुधाचे झाले. 'शुद्ध म्हशीचे दूध' मध्ये मात्र 'शुद्ध' कुठेही बदलत नाही, म्हणून ते म्हशीला चिकटते. शुद्ध, सुंदर, लाल, गरीब, प्रसिद्ध, माजी, दिवंगत, सरकारी, नवीन, लाकडी ही सगळी न बदलणारी विशेषणे आहेत. बिघाड बहुतांशी त्यांच्याच वाटेने येतो.

तपासणीची रीत अशी. शंका असलेल्या विशेषणाच्या जागी 'चांगला' घाला आणि तुम्हाला हव्या असलेल्या अर्थाने त्याचे रूप करा. 'प्रसिद्ध लेखकाची मुलगी' मध्ये मुलगी प्रसिद्ध असेल तर 'चांगली लेखकाची मुलगी' होईल, लेखक प्रसिद्ध असेल तर 'चांगल्या लेखकाची मुलगी'. दोन्ही रूपे वेगळी आली, याचा अर्थ मूळ वाक्य संदिग्ध आहे आणि दुसऱ्या पायरीची दुरुस्ती करायला हवी. कधी कधी न बदलणारे विशेषण काढून बदलणारे घातले की काम तेवढ्यावरच होते: 'नवीन' ऐवजी 'नवे', 'लाल' ऐवजी 'तांबडे'.

ही तपासणी दोन ठिकाणी फसवते. मुख्य नामालाच विभक्ती असेल तर दोन्हीकडे '-या' येतो. 'जुन्या शाळेच्या इमारतीला तडे' यात जुनी शाळा की जुनी इमारत हे रूपावरून ठरत नाही. मुख्य नाम स्त्रीलिंगी अनेकवचनी असेल तरीही तेच होते, कारण 'जुन्या खिडक्या' आणि 'जुन्या शाळेच्या' यांत विशेषण सारखेच दिसते. अशा वेळी तपासणीपुरते नाम एकवचनी, विभक्तीशिवाय करा: 'जुनी शाळेची इमारत' की 'जुन्या शाळेची इमारत'? उत्तर मिळाले की परत मूळ वाक्यात या आणि 'शाळेच्या जुन्या इमारतीला तडे' असे लिहा.

४. फक्त, च, ही, सुद्धा

हे शब्द छोटे आहेत, पण नोटिशींतले सर्वाधिक घोळ यांचे असतात. 'फक्त', 'केवळ', 'किमान', 'सुमारे' पुढे बघतात. 'च', 'ही', 'सुद्धा', 'देखील' मागे बघतात. एवढे लक्षात ठेवले की पुरते.

'फक्त सभासदांना रविवारी पुस्तके मिळतील' म्हणजे रविवारी इतरांना मिळणार नाहीत.
'सभासदांना फक्त रविवारी पुस्तके मिळतील' म्हणजे इतर दिवशी मिळणार नाहीत.
'सभासदांना रविवारी फक्त पुस्तके मिळतील' म्हणजे मासिके मिळणार नाहीत.

तपासण्यासाठी 'फक्त' च्या पुढच्या शब्दाला 'इतर नाही' जोडून पाहा: इतर माणसे नाहीत, इतर वार नाहीत, इतर वस्तू नाहीत. जे सांगायचे आहे त्याच्या लगेच आधी 'फक्त' आणा. 'फक्त' एका शब्दाला आणि 'च' दुसऱ्या शब्दाला असेल ('फक्त सभासदांना रविवारीच') तर वाचणारा दोन अटी समजतो. खरोखर दोन अटी नसतील तर एक काढून टाका. 'सुमारे ५० गावांतील २०० कुटुंबे' मध्ये अंदाज गावांचा आहे. कुटुंबांचा असेल तर '५० गावांतील सुमारे २०० कुटुंबे'.

पावतीवरचे 'अक्षरी रुपये पाचशे फक्त' तसेच ठेवा. तिथे 'फक्त' रक्कम बंद करण्यासाठी आहे, म्हणजे पुढे कोणी काही जोडू नये.

५. दोन डगरींवर पाय ठेवलेला वार किंवा तारीख

'अध्यक्षांनी सोमवारी झालेल्या गैरप्रकाराची चौकशी करण्याचे आश्वासन दिले.'

सोमवारी काय? गैरप्रकार झाला, की आश्वासन दिले? वाक्यात 'झालेल्या', 'करण्याचे', 'दिले' अशी तीन क्रियारूपे आहेत. वार, वेळ, ठिकाण किंवा रीत सांगणारा शब्द असेल तर आधी वाक्यातली क्रियारूपे मोजा. एकापेक्षा जास्त असली तर तो शब्द आपल्या क्रियारूपाच्या शक्य तितका जवळ न्या. आश्वासन सोमवारी दिले असेल तर 'झालेल्या गैरप्रकाराची चौकशी करण्याचे आश्वासन अध्यक्षांनी सोमवारी दिले.' चौकशी सोमवारी व्हायची असेल तर 'झालेल्या गैरप्रकाराची सोमवारी चौकशी करण्याचे आश्वासन अध्यक्षांनी दिले.' गैरप्रकार सोमवारचा असेल तर मूळ तुकडा जागेवर ठेवून कर्ता वाक्याच्या शेवटाकडे न्या: 'सोमवारी झालेल्या गैरप्रकाराची चौकशी करण्याचे आश्वासन अध्यक्षांनी दिले.'

स्वल्पविराम घालून हे सुटेल असे वाटते, पण मोठ्याने वाचलेल्या सूचनेत आणि ध्वनिक्षेपकावर स्वल्पविराम ऐकू येत नाही. जागा बदलणे हीच दुरुस्ती.

६. '-ताना' आणि '-ऊन' यांचा कर्ता कोण

बातम्यांतला सर्वांत चिवट बिघाड हाच. 'रस्ता ओलांडताना ट्रकने वृद्धाला धडक दिली.' ओलांडणारा सांगितलेला नाही, म्हणून वाचणारा पुढे भेटलेला पहिला कर्ता, म्हणजे ट्रक, तिथे बसवतो. 'दुकान फोडताना पोलिसांनी दोघांना पकडले' याचेही तेच.

तपासणी अशी. '-ताना' किंवा '-ऊन' चा तुकडा वेगळा काढा आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता त्याच्यासमोर ठेवून पूर्ण वाक्य करा: 'ट्रक रस्ता ओलांडत होता.' खोटे आहे? मग दुरुस्ती हवी. इथे तीन पर्याय आहेत.

तुकड्याचे विशेषण करून खऱ्या नामाला लावा: 'रस्ता ओलांडणाऱ्या वृद्धाला ट्रकने धडक दिली.' मथळ्यासाठी हाच उत्तम.
तुकड्याला त्याचा स्वतःचा कर्ता द्या: 'दोघे दुकान फोडत असताना पोलिसांनी त्यांना पकडले.'
ज्याच्याबद्दल तुकडा आहे तो शब्द तुकड्याच्या लगेच आधी आणा: 'दोघांना दुकान फोडताना पोलिसांनी पकडले.' बोलताना हे अगदी चालते. लिहिताना पहिले दोन पर्याय जास्त पक्के.

'-ऊन' बाबत नियम थोडा कडक आहे. 'दारू पिऊन पोलिसांनी चालकाला पकडले' असे लिहिले तर पोलीस प्यायले. 'दारू प्यायलेल्या चालकाला पोलिसांनी पकडले' असे लिहा. 'बाळाला दूध पाजून औषध द्यावे' बरोबर आहे, कारण पाजणारे आणि देणारे एकच. 'बाळाने दूध पिऊन औषध द्यावे' चूक, कारण औषध बाळ देत नाही. दोन क्रियांचे कर्ते वेगळे असतील तर '-ल्यावर' घ्या: 'बाळाने दूध प्यायल्यावर औषध द्यावे.'

भूतकाळात सकर्मक क्रियापद सहसा कर्माप्रमाणे चालते, त्यामुळे इथे गोंधळू नका. 'सीमाने घरी येऊन पोळी खाल्ली' मध्ये 'खाल्ली' हे पोळीप्रमाणे आहे, तरी घरी आली ती सीमा. कर्ता शोधताना '-ने' चा शब्द बघा, क्रियापदाचे लिंग नको.

आता खोटे इशारे. इंग्रजी व्याकरणाचा नियम जसाच्या तसा मराठीवर लावला की चांगली वाक्ये विनाकारण कापली जातात. 'भिंत कोसळून तिघांचा मृत्यू' बरोबर आहे, कारण 'कोसळून' चा कर्ता 'भिंत' तिथेच दिलेला आहे. 'पत्र वाचून मला आनंद झाला' बरोबर आहे. वाक्याचा व्याकरणातला कर्ता 'आनंद' असला तरी अनुभव घेणारा 'मला' आहे आणि वाचणारा तोच. 'खिडकीतून बाहेर पाहताना डोंगर दिसतात' हेही चालते. दिसणे, वाटणे, आवडणे, समजणे, ऐकू येणे या क्रियापदांमागे अनुभव घेणारा माणूस गृहीत असतो. मात्र 'घाटातून जाताना माकडे गाडीवर उडी मारतात' मध्ये माकडे स्वतः कृती करतात, म्हणून तिथे दुरुस्ती लागते: 'गाडी घाटातून जात असताना माकडे तिच्यावर उडी मारतात.'

७. 'आणि', 'व' च्या आधीचे विशेषण

'६५ वर्षांवरील पुरुष व महिलांना अर्धे तिकीट.' वयाची अट महिलांनाही आहे का? एसटीची महिलांसाठीची ५० टक्के सवलत १७ मार्च २०२३ पासून सुरू झाली आणि तिला ज्येष्ठत्वाची अट नाही. ज्येष्ठांची अर्ध्या तिकिटाची सवलत ६५ ते ७५ वयासाठी वेगळी. वरच्या शब्दरचनेत या दोन सवलती एकमेकींत मिसळतात आणि चाळीस वर्षांची बाई पूर्ण तिकीट काढून मोकळी होते.

ज्याला विशेषण नको ते नाम आधी घ्या: 'महिलांना आणि ६५ ते ७५ वयाच्या पुरुषांना अर्धे तिकीट'. दोघांनाही विशेषण हवे असेल तर ते दोनदा लिहा. पुनरुक्ती वाटली तरी सूचनेत ती हवीच. या पायरीवर प्रत्ययावर विसंबू नका. 'नवे टेबल व खुर्च्या' मध्ये 'नवे' टेबलाप्रमाणे चालते, पण लिहिणाऱ्याच्या मनात खुर्च्याही नव्या असू शकतात.

८. 'सर्व... नाही' आणि 'प्रमाणे... नाही'

'सर्व सभासद आले नाहीत.' एकही आला नाही, की काही आले? इथे शब्द हलवून भागत नाही, शब्दच बदलावा लागतो: 'एकही सभासद आला नाही' किंवा 'काही सभासद आले नाहीत'.

'मागील वर्षाप्रमाणे यंदा शुल्कवाढ होणार नाही.' मागील वर्षी वाढ झाली होती की नव्हती? सरळ दोन वाक्ये करा: 'मागील वर्षी शुल्कवाढ झाली होती. यंदा होणार नाही.' किंवा 'मागील वर्षी शुल्कवाढ झाली नव्हती. यंदाही होणार नाही.' नकार असलेल्या वाक्यात 'प्रमाणे' आणि 'सारखा' आले की थांबायचेच, अशी सवय लावून घ्यावी.

९. वाक्य मोडा

वरच्या सगळ्या पायऱ्या करूनही अर्थ हलत असेल तर दोष जागेचा नाही, लांबीचा आहे. एका वाक्यात '-च्या' तीनपेक्षा जास्त वेळा आले किंवा '-लेल्या', '-णाऱ्या' एकापाठोपाठ एक लागले की दोन वाक्ये करा. इंग्रजीच्या वळणाचे 'पुलाचे उद्घाटन झाले, जो दहा वर्षे रखडला होता' असे मागून जोडलेले शेपूटही इथेच काढा: 'दहा वर्षे रखडलेल्या पुलाचे उद्घाटन झाले.' 'जो-तो' च्या वाक्यात 'तो' च्या जागी नाम पुन्हा लिहा. 'ज्या विद्यार्थ्याच्या पालकाने अर्ज केला आहे त्याने हजर राहावे' यात हजर कोणी राहायचे? 'त्या विद्यार्थ्याने' किंवा 'त्या पालकाने' लिहिले की प्रश्न संपतो.

इथे थांबा आणि जाणकाराला विचारा

दुसऱ्याचा मजकूर असेल आणि दोन्ही अर्थ शक्य असतील तर अंदाजाने दुरुस्त करू नका. खरा अर्थ फक्त लिहिणाऱ्याला माहीत असतो. त्याला दोन्ही वाक्ये वाचून दाखवा आणि एक निवडायला सांगा.

औषधाची मात्रा, वेळ किंवा गोळ्यांची संख्या संदिग्ध असेल तर डॉक्टरांना किंवा औषध देणाऱ्या फार्मासिस्टला विचारा. व्याकरणाने काढलेला अर्थ बरोबर असला तरी मात्रा बरोबर असेलच असे नाही.

जबाब, प्रतिज्ञापत्र किंवा कोणाचे अवतरण यातली शब्दांची जागा बदलू नका. ते त्या माणसाचे शब्द आहेत. फार तर बाहेर स्पष्टीकरण द्या. ओवी, अभंग, कविता यांतही शब्दक्रम छंदासाठी मोकळा असतो, तिथे हे नियम लावू नयेत.

करार, निविदा, खरेदीखत आणि मृत्युपत्र वकिलाकडे न्या, मसुदा असतानाच. 'पुण्यातील घर व जमीन मोठ्या मुलाला' या वाक्यातली जमीन पुण्याचीच की गावाकडचीही, हा प्रश्न सातव्या पायरीचा आहे, पण सही झाल्यावर तो व्याकरणाचा राहत नाही. सही झालेल्या मृत्युपत्रात पेनाने शब्द हलवू नका. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ प्रमाणे बदलासाठी पुरवणी मृत्युपत्र करता येते आणि त्यालाही मूळ मृत्युपत्रासारखेच किमान दोन साक्षीदार लागतात. वकिलाकडे जाताना संदिग्ध वाक्य, त्याचे दोन्ही अर्थ आणि तुम्हाला हवा असलेला अर्थ वेगळ्या कागदावर लिहून न्या. मिळकतीचा सर्व्हे किंवा गट क्रमांक, गाव आणि तालुका सोबत असू द्या, म्हणजे मसुद्यात प्रत्येक मिळकतीला स्वतंत्र ओळ देता येते.